संदर्भसूचीचा मान

तळटीप दिसायला फार गरीब असते. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मीही तिला तशीच समजत होतो. आयुष्यात सगळ्यात जास्त कशाला भ्यालात, असं कुणी विचारलं की पूर्वी मी माझ्या बायकोचं, दीपालीचं नाव घ्यायचो. चारचौघांत हशा व्हायचा. हल्ली मात्र मी खरं काय ते सांगतो, आणि कुणी हसत नाही.

मी सागर मांडवकर, रत्नागिरीतल्या एका शाळेत संगीत शिक्षक. सव्वीस वर्षं झाली. शाळेत संगीत शिक्षकाचं स्थान काय असतं ते ज्यांनी पेटी वाजवली आहे त्यांनाच ठाऊक. सकाळी प्रार्थना, पाहुणे आले की स्वागतगीत, आणि गणिताचा पोर्शन मागे राहिला की माझा तास गणिताला. "मांडवकर सर, तुमचं काय, गाणंच ना!" असं म्हणत गणिताचे सर माझ्यादेखत फळ्यावर त्रिकोण काढायला लागतात. माझं नाव आजवर छापून आलं ते एकदाच, लग्नपत्रिकेत. तिथेही ते प्रेषकांच्या नावापेक्षा बारीक टायपात होतं.

म्हणून एका महाविद्यालयाने कोकणातल्या लोकसंगीतावर राज्यस्तरीय चर्चासत्र जाहीर केलं आणि निवडक शोधनिबंधांचा ग्रंथ काढणार असं कळलं, तेव्हा मी ठरवून टाकलं. निबंध लिहायचा, ग्रंथात यायचं, आणि तो ग्रंथ स्टाफरूमच्या टेबलावर सहज विसरल्यासारखा ठेवून द्यायचा.

विषय घरचाच होता. दीपालीचं माहेर दापोली तालुक्यातलं कोंडशेत. गणपतीत तिथे जाखडी नाचतात. मध्ये मृदंग, झांजा आणि गाणारा शाहीर, भोवती एका पायात चाळ बांधून नाचणारे गडी. त्यातलं भातलावणीचं, वहाळाला म्हणजे ओढ्याला विनवणारं एक गाणं मी लग्न झाल्यापासून ऐकत आलोय: "वहाळाच्या पाण्या, दमानं जा रं, माझं रोप अजून कवळं." गंमत अशी की हे गाणं खालच्या वाडीतही गातात आणि वरच्या वाडीतही, आणि दोन्हीकडे 'दमानं' या शब्दाच्या आधी चाल एकदम थांबते. पुरत्या दोन मात्रा थांबते. या थांबण्यावर मी तीन पानं लिहिली. नाचणाऱ्यांचं पाऊल वळतं म्हणून हा विराम आला, असा माझा सिद्धांत होता. एकूण बारा पानं झाली. ती पाठवली आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगितलं. ही पहिली चूक.

आठ दिवसांनी ग्रंथाच्या संपादक डॉ. ज्ञानेश्वरी यांची मेल आली. विषय नवा आहे, निरीक्षण चांगलं आहे, "फक्त संदर्भ नीट द्यावेत." सोबत माझाच निबंध होता, पण ओळखू येत नव्हता. समासात लाल शेरे. मी मोजले, त्रेसष्ट. 'कोकणात पाऊस पुष्कळ पडतो' या वाक्यापुढे लिहिलं होतं, 'संदर्भ?' 'या गावची मंडळी जात्याच गाणारी' यापुढे, 'कोण म्हणतं?' आणि 'माझ्या सासूबाईंचा आवाज गोड आहे' यापुढे, 'वैयक्तिक मत, वगळावे.'

"वगळलंस?" दीपालीने विचारलं.

"संपादकांनी वगळायला सांगितलंय."

"मी आईला सांगू का, की संपादकांनी सांगितलंय?"

ते वाक्य मी राहू दिलं. तळटीपेत संदर्भ म्हणून दीपालीचं नाव घातलं.

पण खरा फास शेवटच्या शेऱ्यात होता. जाखडीची एक रीत आहे. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव घालतो आणि गुरूचं नाव घेऊन गाणं पुरं करतो. गुरूचं नाव घेतल्याशिवाय थांबणं म्हणजे बेअदबी. आता या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात खालची वाडी बाळा आग्रेंचं नाव घेते आणि वरची वाडी बाबल्या शिगवणांचं. दोघेही हयात, दोघेही साठी उलटलेले, आणि दोघेही सांगतात की गाणं माझं. दोघांनाही न दुखवता मी निबंधात 'पारंपरिक' असं लिहून मोकळा झालो होतो. त्यावर डॉ. ज्ञानेश्वरींनी लिहिलं होतं, 'ज्याचा संदर्भ शोधायचा कंटाळा येतो त्याला पारंपरिक म्हणतात. गाण्याचा कर्ता कोण, चाल कुणाची, माहिती कुणी दिली, याचे स्पष्ट संदर्भ तीस तारखेपर्यंत न आल्यास निबंध ग्रंथात घेता येणार नाही.'

तीस तारखेला सोळा दिवस होते. स्टाफरूममध्ये गणिताचे सर रोज विचारत होते, "काय, छापून आलं का?"

आमच्या वरच्या मजल्यावर नितेश पावसकर राहतात. ते न्यायालयात कारकून आहेत आणि सल्ला देण्यासाठी त्यांना विचारावं लागत नाही. चपला घालून जिना उतरत असले तरी ते आमच्या दारात थांबतात.

"तोंडी पुरावा टिकत नाही, मांडवकर," ते म्हणाले. "उद्या दोघांपैकी एकजण फिरला तर? कागद हवा. ग्रामपंचायतीचा दाखला आणा. गोल शिक्का असला की संपादकसुद्धा गप्प बसतात."

"संपादकबाईंनी शिक्का मागितला नाहीये."

"मागत नाहीत कुणी. पण बघून बरं वाटतं."

मला हे पटलं, ही दुसरी चूक. शुक्रवारी रजा टाकून मी एसटीने कोंडशेतला गेलो. ग्रामसेवक तरुण होते, घाटावरचे, आणि कामाला अतिशय चोख. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि संगणकाकडे बघून हळहळले.

"सर, गाण्याच्या दाखल्याचा नमुनाच नाही ओ. जन्माचा आहे, मृत्यूचा आहे, रहिवासी आहे. यातलं कुठलं बसतंय बघा."

मृत्यूचा नको म्हणालो. जन्माच्या दाखल्याला वडिलांचं नाव लागतं, आणि भांडण नेमकं तिथेच होतं. उरला रहिवासी. तो त्यांनी भरला, छापला, शिक्का मारला. तो मी अजून जपून ठेवला आहे. 'दाखला देण्यात येतो की, वहाळाच्या पाण्या हे गाणे मौजे कोंडशेत येथील कायमचे रहिवासी असून ते आमच्या माहितीप्रमाणे चांगल्या वर्तणुकीचे आहे.'

"पण नावाचा वाद आहे म्हणताय," ग्रामसेवक म्हणाले, "तर हरकती मागवाव्या लागतील. पंधरा दिवस. तुमची घाई आहे म्हणून आठ करू. संदर्भांची यादी तयार आहे का?"

होती. मोठ्या अभिमानाने मी ती दिली. संपादकांच्या नियमांबरहुकूम केली होती. आडनाव आधी, नाव मागून, आणि सगळं अकारविल्हे. 'आग्रे, बाळा. मुलाखत, कोंडशेत, खालची वाडी. शिगवण, बाबल्या. मुलाखत, कोंडशेत, वरची वाडी.' ग्रामसेवकांनी वर 'हरकती मागविण्याबाबत' असं लिहून ती सूचनाफलकावर लावली. मी सासुरवाडीला कोंबडी-वडे खाऊन रत्नागिरीला परत आलो. ही तिसरी चूक, आणि मला वाटतं सगळ्यात महागात तीच गेली.

कोंडशेतमध्ये मान ही काय चीज आहे हे मी जावई असून विसरलो होतो. पालखीला पहिला खांदा वरच्या वाडीच्या शिगवणांचा. पहिला नारळ शिगवणांचा. देवळात पंगत बसली तरी पहिलं पान शिगवणांच्या घरच्यापुढे पडतं, मग तिथे दोन वर्षांचं पोर का बसलेलं असेना. आणि फलकावर काय? आग्रे वर, शिगवण खाली. आणि यादी करणारा कोण? आग्र्यांचा जावई! वर त्याच दिवशी आग्र्यांकडे कोंबडी कापलेली अख्ख्या गावाने पाहिली होती.

फलकाचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर पडला आणि माझा फोन वाजायला लागला. आठ दिवसांत सत्तावीस हरकती आल्या. शिगवणांच्या बारा. झांजा कुणी वाजवल्या ते कुठे लिहिलंय, ही एक. माझ्या बापाच्या मृदंगावर हे गाणं पहिल्यांदा वाजलं, मृदंगाला संदर्भ द्या, ही एक. एकाने लिहिलं होतं की तो गेली तीस वर्षं या गाण्याला नाचतो आणि 'विराम' वगैरे काही नसतं, उगाच बदनामी करू नये. गावाच्या मुंबई मंडळाने लेटरहेडवर हरकत पाठवली, तिच्यात हरकत काय ते लिहायचं राहिलं होतं, पण खाली अकरा सह्या होत्या.

"तू यादी उलटी का नाही केलीस?" दीपाली म्हणाली.

"नियम आहे."

"मग आता नियमालाच घेऊन जा बरोबर. रविवारी देवळात सभा आहे. तुला बोलावलंय."

नियमाऐवजी पावसकर आले. 'कायदेशीर बाजू' सांभाळायला येतो म्हणाले, आणि एसटीत खिडकीची जागा पकडून दापोली येईपर्यंत झोपले.

भातकापणी उरकली होती, त्यामुळे देऊळ भरलेलं होतं. एका अंगाला वरची वाडी, दुसऱ्या अंगाला खालची, मागे खांबापाशी बायका. मधल्या मोकळ्या जागेत सतरंजीवर मी, पावसकर आणि कागद घेतलेले ग्रामसेवक. बाबल्या शिगवण उठले. उंच, काटक माणूस. चिडले असते तर मी समजू शकलो असतो, पण ते दुखावले होते.

"जावयबापू, आमी काय वंगाळ केलं तुमचं? पावनं म्हनून आलात, आमच्या वट्यावर बसून दोन दोन तास गानी उतरून घेतलीत. च्या पन पिलात. आनि आमाला तळाला टाकलात?"

मी म्हणालो, "दादा, हे अक्षरांच्या क्रमाने आहे हो. मानाचा संबंधच नाही."

"संबंध नाय? आवो, चार नावं लिवली की त्यातलं एक वर जानार नि एक खाली जानार. मंग मान कसा नाय?"

इतक्यात मागून कुणीतरी म्हणालं, "नि आडनाव आधी का लावलान? तसा पुकारा फक्त कोर्टात व्हतो." सगळे पावसकरांकडे बघायला लागले. पावसकरांनी चष्मा पुसायला घेतला.

शेवटी मी डॉ. ज्ञानेश्वरींना फोन लावला. देवळात रेंज फक्त तिसऱ्या पायरीवर येते, म्हणून सभाच उठून पायऱ्यांपाशी आली. फोन स्पीकरवर टाकला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फार सभ्यपणे समजावलं की वर्णक्रमात लहानमोठं कुणी नसतं, जगभर असंच करतात.

"बाई, तुमचं नाव काय म्हनालात?" बाबल्यादादांनी विचारलं.

"ज्ञानेश्वरी."

"ज्ञ! म्हंजे तुमी सगल्यांच्या मागं."

"शाळेपासून," बाई म्हणाल्या. "हजेरीत, परीक्षेत, बक्षिसाच्या यादीत. सवय झाली."

एवढी शिकलेली बाई आणि तिला आयुष्यभर तळाला बसवलंय, हे काही कुणाला बरं वाटलं नाही. बाबल्यादादा पायरीवर बसले आणि विचार करायला लागले. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं, कारण बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती.

"थांबा वाईच," ते म्हणाले. "जाखडीत शेवटाला कुनाचं नाव येतं?"

"गुरूचं!" वरची वाडी एका सुरात म्हणाली.

"मंग? शेवटचा म्हंजे गुरू. ह्या बाय शेवटच्या, म्हनून तर डाक्टर झाल्या. आमी शेवटचे, तर मंग आमचा मान मोठा! जावयबापू, चूक आमची. बरोबर लिवलंत तुमी."

वरच्या वाडीने टाळ्या वाजवल्या. मी सुटकेचा श्वास घेतला, तोच खालच्या वाडीतून दीपालीचे काका, बाळा आग्रे, उठून उभे राहिले. आतापर्यंत ते पहिले म्हणून खुशीत होते. आता त्यांच्या लक्षात आलं होतं की आपण बसल्या जागी खाली आलो.

"आसं कसं? मंग आमी पयले म्हंजे हलके?"

फोन ठेवून सभा देवळात परत आली आणि पुन्हा सगळं सुरू. यावेळी माझ्याच सासुरवाडीचे लोक माझ्याकडे रोखून बघत होते. सासरे तर म्हणाले, "कोंबडी फुकट गेली." अर्ध्या तासाने तोडगा बाळाकाकांनाच सुचला. जाखडी सुरू होते ती गणपतीच्या गणाने, म्हणजे पहिली जागा देवाची. पहिली देवाची, शेवटची गुरूची. देव मोठा की गुरू मोठा ते त्या दोघांनी आपसांत बघून घ्यावं. हे सगळ्यांना पसंत पडलं. पावसकरांनी तिथल्या तिथे ठराव लिहिला, 'संदर्भसूचीत जे नाव शेवटी येईल ते गुरुस्थानी समजण्यात यावे, याबाबत कोणाचीही हरकत राहणार नाही.' सूचक बाबल्या शिगवण, अनुमोदक बाळा आग्रे. ठराव एकमताने मंजूर. ग्रामसेवकांनी शिक्का मारला.

मी घड्याळ बघितलं. दुपार कलली होती. आणि मुद्दा तर तसाच होता.

"आता एकच सांगा," मी म्हणालो. "हे गाणं केलं कुणी?"

"मी," बाबल्यादादा म्हणाले. "मी," बाळाकाका म्हणाले. दोघांचं एकाच मात्रेवर आलं.

खांबापाशी कुणीतरी हसलं. चांगलं खळखळून हसलं. वळून बघितलं तर तुळसाआत्ते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ठेंगणी, डोक्यावर पदर. दीपालीची सख्खी आत्ते, म्हणजे बाळाकाकांची थोरली बहीण. आणि लग्न होऊन गेली वरच्या वाडीला, म्हणजे बाबल्यादादांची वहिनी. गेली बावीस वर्षं मी प्रत्येक लग्नकार्यात तिच्या पाया पडत आलो होतो.

"बाळ्या," ती म्हणाली, "तू तवा आठ वर्साचा हुतास. बांधावरनं रोपाच्या मुठी फेकत हुतास, नि अर्ध्या वहाळात. त्या वाहून जाया लागल्या, तवा मी म्हनलं, वहाळाच्या पान्या, दमानं जा रं. गानं केलंस तू, व्हय? गानं झालं तुझ्या वेंधळेपनानं."

बाळाकाकांनी मान खाली घातली. "अक्का, सगल्यांम्होरं..."

"नि बाबल्या, मी लगीन होऊन आले तवा तू नाकातला शेंबूड पुशीत हुतास. चुलीम्होरं बसून माझ्याकडनं शिकलास."

"व्हय, वयनी," बाबल्यादादा म्हणाले. इतका मोठा माणूस, पण आवाज पोरासारखा झाला.

म्हणजे गाणं आत्तेबरोबर माहेरहून सासरी गेलं होतं. दोन्ही वाड्यांत ते कसं, यावर मी निबंधात दीड पान तर्क केला होता. बारा पानं लिहिली, त्रेसष्ट शेरे खाल्ले, गोल शिक्का आणला, आणि या सगळ्यात एकाही बाईला मी काही विचारलं नव्हतं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"आत्ते, तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"इचारलान कुनी? नाचायचे बाप्ये, त्यांनी आपली नावं घातली. गानं चाललं हुतं ना? मला त्येवढं बास हुतं." मग तिने ग्रामसेवकांकडे बोट केलं. "पन ह्यांनी फळ्यावर लिवलंय, हरकत असंल तर सांगा. म्हनून आले. माझी हरकत हाय."

ग्रामसेवकांनी तत्परतेने 'हरकत क्रमांक २८' असं लिहिलं.

"माझं नाव लिवा नायतर नको लिवा. पन चाल माझी नाय. चाल हौसाची. तिचं नाव कुठंच नाय, आसं चालनार नाय."

हौसा कोण, ते तिने सांगितलं. समुद्रकाठच्या बुरोंडीची हौसा सुकटीची, सुक्या मासळीची, पाटी डोक्यावर घेऊन डोंगर चढून यायची. लावणीच्या दिवसांत शेताच्या कडेला पाटी उतरायची, मापभर भात घ्यायची, सुकट द्यायची, आणि वर मूठभर जास्तीची. चालताना सदा काहीतरी गुणगुणत असायची. शब्द कोळ्यांचे, होडीचे. तुळसाआत्तेने तिला विचारलं होतं, तुझी चाल मी घेऊ का? ती म्हणाली होती, घे, पण नाव घेत जा माझं.

"आनि ती मधी ठेस लागते ना चालीला, दमानंच्या आधी," आत्ते म्हणाली, "तिथं ती पाटी खाली उतरायची."

माझी तीन पानं गेली. शेजारी पावसकर हळूच म्हणाले, "पाऊल वळतं म्हणत होतात ना तुम्ही?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. पण खरं सांगू? इतका आनंद मला ती पानं लिहिताना झाला नव्हता. चालीतल्या त्या दोन मात्रांत एक बाई डोक्यावरचं ओझं उतरवत होती आणि मी पंचवीस-तीस वेळा ऐकूनही ती मला दिसली नव्हती.

मग आत्ते उभ्या उभ्या गायली. शेवटचं कडवं, जे दोन्ही वाड्यांनी काढून टाकलं होतं:

बोल तुळसाचे, चाल हौसाची,
बुरोंडीवाली ती माझी गुरू;
सुकटीची पाटी उतरून गायली,
तिचं नाव घेऊन गाणं पुरं करू.

मृदंगवाला बसल्या जागी मांडीवर वाजवत होता. मी भराभर लिहून घेत होतो.

"आत्ते, तुमचं आडनाव काय लावू?"

"शिगवण!" वरची वाडी ओरडली. "आग्रे!" खालची वाडी ओरडली.

"दोनी घरची भांडी घासलीत मी," आत्ते म्हणाली. "नुसतं तुळसा लिवा."

"आणि हौसाचं?"

"सुकटवालीला आडनाव कोन इचारतो? बुरोंडीची हौसा. आता नाय ती. लय वर्सं झाली."

पावसकरांनी नवी यादी अकारविल्हे लावली आणि मोठ्या आवाजात वाचली. "आग्रे, बाळा. तुळसा. शिगवण, बाबल्या. हौसा." शेवटच्या नावाशी ते अडखळले. श नंतर ह. आणि समोर ठराव, शिक्क्याची शाई अजून ओली, शेवटचं नाव गुरुस्थानी, सूचक बाबल्या शिगवण.

पिढ्यान् पिढ्या पहिला नारळ घेणाऱ्या घराच्या वरच्या जागी एक सुकटवाली येऊन बसली होती, आणि तिला तिथे शिगवणांनीच एकमताने बसवलं होतं. सगळे बाबल्यादादांकडे बघत होते. मीही बघत होतो. ते नाही म्हणाले असते तर माझा निबंध तिथेच संपला असता, कारण खोटी यादी मी आता काही पाठवणार नव्हतो.

बाबल्यादादांनी डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी घातली, उलगडली.

"वयनी," ते म्हणाले, "ती हौसा... मला बघून पाटीतला एक बोंबील वेगला काढून द्यायची, तीच ना?"

"तीच. तुला पयला, मंग घरच्यांना."

"मंग काय इचारताय?" ते माझ्यावर खेकसले. "लिवा की तिला शेवटाला! गुरूच्या जागंवर दुसरं कोन बसनार?"

मग असा गलका झाला की ग्रामसेवकांना 'हरकत मान्य' हे तीन वेळा ओरडून सांगावं लागलं.

यादी मी अठ्ठावीस तारखेला पाठवली. सोबत रहिवासी दाखलाही जोडला, पावसकरांच्या समाधानासाठी. डॉ. ज्ञानेश्वरींचा एकच शेरा आला. 'हौसा यांची मुलाखत तुम्ही घेतलेली नाही, म्हणून "तुळसा यांच्या सांगण्यावरून" असे नोंदवा. बाकी सर्व योग्य. तुळसाबाईंना संदर्भ द्यायला कुणी शिकवलं ते कळवा, आमच्याकडे त्या शिक्षकाची गरज आहे.' निबंध ग्रंथात घेतला होता. स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा गणिताच्या सरांनी खडू खाली ठेवला आणि माझा हात हातात घेतला. त्या आठवड्याचे माझे दोन्ही तास मला मिळाले.

चर्चासत्राला कोंडशेतहून एक टेम्पो आला. एक्केचाळीस माणसं, मृदंगासह. मागच्या दोन रांगा वरच्या वाडीने धरल्या, त्यांच्या पुढच्या दोन खालच्या. आत्तेला दीपालीने अगदी पुढे बसवलं. मला बारा मिनिटं होती. माझ्या सिद्धांताची चूक मी स्वतःच्या तोंडाने सांगितली, पाटी उतरण्याचं सांगितलं, आणि शेवटच्या पानावर आलो तेव्हा अध्यक्षांनी घंटी वाजवली.

"उत्तम," ते म्हणाले. "संदर्भसूची वाचण्याची आवश्यकता नाही."

"आसं कसं?" मागून बाबल्यादादांचा आवाज आला. "शेवटचं कडवं ऱ्हायलंय त्यांचं!"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी डॉ. ज्ञानेश्वरींकडे, आणि त्यांनी मान हलवली. मी यादी वाचायला घेतली. आग्रे, बाळा. मृदंगावर थाप पडली. तुळसा. थाप. शिगवण, बाबल्या. थाप. हौसा.

थाप पडली नाही. मृदंगवाला आत्तेकडे बघत होता आणि आत्ते माझ्याकडे.

"हौसा कुटची?" तिने विचारलं.

"हौसा," मी म्हणालो, आणि इतकं मोठ्याने मी सव्वीस वर्षांत स्वागतगीतसुद्धा गायलो नसेन, "बुरोंडी!"

मृदंग कडाडला. एक्केचाळीस माणसं उभी राहिली, आणि मग का कोण जाणे, सगळं सभागृहच उभं राहिलं. आत्तेने डोळ्यांना पदर लावला, खुर्चीखालच्या चपला पायांनी शोधल्या आणि दीपालीला म्हणाली, "चल, आता पुरं झालं गानं." मी व्यासपीठावरून तिला सांगायचा प्रयत्न करत होतो की अजून सहा निबंध व्हायचे आहेत, पण टेम्पोतल्या सगळ्यांनी तोवर दार गाठलं होतं, आणि मृदंग काही थांबत नव्हता.